तोफेची वाट

पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमणाच्या पत्रकात 'मुक्कामी चित्रपट दाखवला जाईल' अशी ओळ होती. ती वाचून मी नाव नोंदवलं. तिच्याच खाली 'एकूण अंतर सुमारे ५० किलोमीटर' अशीही ओळ होती, ती वाचायची राहिली.

राजदिंडी दरवाजातून गड उतरेपर्यंत मी पूर्ण इतिहासात होतो. १२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमेची रात्र, सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, सहाशे बांदल मावळे... बरोबरच्या पोरांना, त्यांनी न विचारता, सगळं सांगत चाललो होतो. मसाई पठारावर उजव्या बुटाचा तळ सुटला आणि इतिहास तिथेच थांबला. पुढची वाट बूट नाडीने बांधून फटक फटक करत काढली.

रात्री एका वाडीत, एका घराच्या सोप्यात मुक्काम. भिंतीवर चादर लावली. समोर आम्ही चाळीस जण पाय पसरून, कारण मांडी घालणं आता कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. सिनेमा बाजीप्रभूंचाच. पण वर पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की संवाद एक ऐकू येईल तर शपथ. नुसते ओठ हलायचे आणि मिश्या थरथरायच्या.

"ह्यास्नी चिखूल कसा लागंना वो?" चुलीपुढून घरच्या आजींनी विचारलं.

खरंच की! आषाढातल्या रानातून धावणारे मावळे आणि धोतरं परीटघडीची. आजींच्या नातवाने आणखी एक चूक काढली, एकाच्याही पायाला जळू नाही. तेवढ्यात माझ्याच मोज्याच्या वर काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. बोटाएवढी फुगली होती. ओढली तर रबरासारखी ताणली जाई, पण सोडायचं नाव नाही. आजींनी कमरेची चंची सोडली, तंबाखूची चिमूट तिच्यावर दाबली, तशी ती टपकन गळून पडली. मान वर केली तर राजे अर्धी वाट कापून गेलेले. जिच्यात माझा सबंध दिवस गेला ती वाट दिग्दर्शकाने एका गाण्यात उरकली होती.

शिवा काशिदांचा प्रसंग मात्र मागे सरकवून पुन्हा लावावा लागला. आजी पदर सारखा करून पुढे येऊन बसल्या. राजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती जाणारा नेबापूरचा न्हावी. "आपल्याकडचं पोर त्ये," त्या म्हणाल्या. जणू कालपरवाच या दारावरून गेला असावा. सोप्यात कुणी बोललं नाही.

आजवर मी पालखीत कोण आहे तेवढंच बघत आलो होतो. आज पहिल्यांदा भोयांच्या खांद्यांकडे लक्ष गेलं. माझ्या पाठीवर सहा किलोंची सॅक, आणि दुपारी निव्वळ ओझं कमी व्हावं म्हणून मी अर्धा किलो चिवडा एकट्याने संपवला होता. शेजारच्या काकांना हळूच विचारलं, "पालखीचं वजन किती असेल हो?"

"आधी तुमची सॅक माझ्या पायावरून काढा."

मग घोडखिंड. उद्या दुपारी आम्ही पोचणार होतो तीच. सिद्दी मसूदची फौज चढून येतेय, बाजींच्या अंगावर जागा उरलेली नाही, विशाळगडावरून तोफा ऐकू आल्याशिवाय देह ठेवायचा नाही असं ठरलेलं. आणि लाइट गेली.

कुणी हलेना. पहाटे पाचला उठायचं होतं, पण बाजींना तसं ताटकळत ठेवून झोपणार कसं?

"लाइट कधी येते रे?" काकांनी विचारलं.

"आली तर परवा," नातू म्हणाला. मग तोच अंधारात उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "धडाम!" पत्र्याखाली चांगलं घुमलं. दुसरी तोफ. तिसरी. पाचवीला त्याला खोकला आला.

"पोचलं म्हाराज," आजी म्हणाल्या. "निजा आता."