दोन दप्तरे, एक दाढ

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कोठेही आपला दातांचा दवाखाना असेल आणि त्यात नुकताच संगणक आला असेल, तर घाईघाईने जुनी कार्डे बंद करू नयेत. प्रत्येक नोंद दोन्हीकडे करावी, मात्र दोन वेगळ्या माणसांनी आणि शक्यतो दोन वेगळ्या दिवशी, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला कळण्याचा धोका राहत नाही.

दातांचा तक्ता रुग्णाकडे समोरून पाहिल्यासारखा काढलेला असतो, त्यामुळे त्याची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे येते. तक्त्यातल्या दातांच्या क्रमांकांत खालची उजवी पहिली मोठी दाढ 46 आणि डावी 36. मदतनीस मुलीने कार्डावर ‘खालची उजवी’ असे लिहावे आणि संध्याकाळी दुसऱ्या कोणी संगणकावर 36 नोंदवून घरी जावे. मे महिन्यात रूट कॅनॉल अर्धवट टाकून मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीत परत आला, की कोणती दाढ ते त्यालाच विचारावे. दाढेची कळ कधी कधी वरच्या जबड्यातही जाणवते, पण एवढ्या बारकाव्यात शिरण्याचे कारण नाही.

पेनिसिलिनची ॲलर्जी कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहावी आणि संगणकातील तो रकाना रिकामा ठेवावा. कार्डावर आहेच की! रक्त पातळ करण्याच्या गोळ्या मात्र फक्त संगणकात नोंदवाव्यात. दात काढायच्या दिवशी यांपैकी कोणते दप्तर उघडेल, हे पावसाळ्यात महावितरणच्या हाती असते. वीज गेली की संगणक बंद, आणि खाऱ्या हवेने गंजलेले लोखंडी कपाट त्याच्याही आधीपासून बंद.

गोपनीयतेची काळजी अवश्य घ्यावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा असून तो संगणकातील माहितीला लागू होतो, निव्वळ कागदावरच्या माहितीला नाही. तेव्हा संगणकाला कडक पासवर्ड लावावा आणि कार्डांचा खोका दिवसा रुग्णांच्या बाकाशेजारी ठेवावा, म्हणजे ताटकळणाऱ्यांना गावातल्या कवळ्यांची यादी वाचता येते.

बॅकअपची हार्ड डिस्क कपाटाच्या तळच्या कप्प्यात, कार्डांच्याच शेजारी असावी. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी दुकानांत आणि दवाखान्यांत शिरले होते. तसा प्रसंग पुन्हा आलाच, तर आपल्या दोन्ही दप्तरांत प्रथमच पूर्ण एकवाक्यता होईल.