सेफ रूट, पण कोणाच्या नजरेतून?

हल्ली पायी चालणाऱ्यांना 'सेफ रूट' दाखवणाऱ्या अ‍ॅप्सचं फार कौतुक ऐकते, आणि रात्री उशिरा एकटीने घरी येणारी बाई म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण सेफ कुठला ते ठरवतं कोण?

२०१४ला न्यूयॉर्कमध्ये स्केचफॅक्टर नावाचं अ‍ॅप आलं, कुठे काही विचित्र वाटलं की लोकांनीच नोंदवायचं. लगेच बोंब झाली, कारण गोऱ्या, खात्यापित्या माणसाला 'विचित्र' वाटणारी जागा बऱ्याचदा काळ्या किंवा गरीब लोकांची वस्ती असते, मग गुन्हा घडलेला असो नसो.

आता हेच मुंबईत लावून बघा. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स, सगळी ऑफिसं) रात्री दहाला दिवे लखलखीत, फुटपाथ ऐसपैस, आणि माणूस औषधाला नाही. ऑफिसं सुटली की नुसत्या काचा आणि भरधाव गाड्या. मिठी नदीच्या पलीकडे धारावीत नव्वद फूट रोडला त्याच वेळी दुकानं उघडी, पोरं क्रिकेटवर भांडतायत, बायका पाव घ्यायला उतरल्यात, कोणी अंगावर आलं तर ओरडल्यावर चार जण तरी धावतील. मला विचाराल तर मी तिथूनच चालेन. पण बाहेरच्यांना रेटिंग द्यायला सांगा, धारावी नकाशावर लाल, म्हणजे धोक्याची होणार, पैज लावते!

आणि एकदा लाल झाली की लोक वळसा घालणार, वर्दळ कमी होणार, म्हणजे ती गल्ली खरंच सुनसान होणार.

२०१३ला आपल्याकडेच सुरू झालेलं सेफ्टीपिन हे अ‍ॅप मला त्यामानाने बरं वाटतं. उजेड आहे का, फुटपाथ आहे का, बायका दिसतात का, बस-रिक्षा जवळ आहे का, असं बघतात (इथे कसं वाटतं हा रकाना त्यातही आहेच म्हणा), आणि दिल्लीतल्या अंधाऱ्या जागांची माहिती त्यांनी सरकारलाही दिली. दिवा नाही ही तक्रार आहे, ती दुरुस्त होते. 'इथली माणसं तशीच' याला कुठला वॉर्ड ऑफिसर काय करणार?

अजून एक, उद्या काही झालं तर पहिला प्रश्न येणार, अ‍ॅपने सांगितलेल्या रस्त्याने का नाही गेलीस? आणि जिचं घरच त्या लाल गल्लीत आहे तिला अ‍ॅप कुठला वळसा दाखवणार, तिने रेटिंग बदलून मागायचं तर कोणाकडे, हे एकाही जाहिरातीत मला दिसलेलं नाही.