‘रडगाणं’ या शब्दाबद्दल

नमस्कार.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ हा गाड्या पळवायचा व्हिडिओ गेम कायमचा बंद केला, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. गेम जुना झाला होता, खेळणारे उरले नव्हते, सर्व्हरला, म्हणजे गेम ज्यांच्या आधाराने चालतो त्या कंपनीच्या संगणकांना, पैसे लागतात. कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत, आपल्या मुलांच्या नोकऱ्या तिथे आहेत. मी एकेकाळी सायबर कॅफे चालवायचो, तिथे नकली सीड्या असायच्या, त्यामुळे नीतीबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. लेखात गेमच्या प्रकाशनाचं साल चुकलं आहे. आणि शेवटचं वाक्य: ‘खेळणं हिसकावलेल्या पोरासारखं रडगाणं गाऊ नका, वयाचं भान ठेवा.’

सालाचं तुमचं बरोबर आहे. गेम २ डिसेंबर २०१४ ला आला, मी २०१५ लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता रडगाणं.

हा शब्द मला नवीन नाही. सांगलीचा कॅफे २००९ मध्ये बंद केल्यावर मी पुण्यात एका परदेशी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात तीन वर्षं रात्रपाळी केली. पैसे भरून वस्तू न मिळालेली, मिळालेली वस्तू महिनाभरात बंद पडलेली माणसं फोन करायची. आम्हाला छापील वाक्यं दिलेली होती आणि सगळ्यांत पहिलं वाक्य भावनेबद्दलचं होतं: तुमचा त्रास आम्ही समजू शकतो. पैशाचा विषय येऊच द्यायचा नाही, त्रासावरच बोलत राहायचं, म्हणजे थोड्या वेळाने समोरच्यालाच वाटायला लागतं की आपण उगाच चिडलो. मी हे शेकडो लोकांना केलं आहे. म्हणून सांगतो, ग्राहकाच्या तक्रारीला रडणं म्हटलं की तिचा हिशेब द्यावा लागत नाही. तुम्ही ते नकळत केलं असेल, पण केलंत तेच.

आणि वयाचं भान म्हणजे काय हो? मी पंचेचाळिशीचा आहे. या वयाच्या माणसाने मिक्सरची वॉरंटी नाकारली म्हणून दुकानदाराशी भांडण केलं तर त्याला कोणी पोर म्हणत नाही. बिल्डरने पार्किंग दिलं नाही म्हणून तो ग्राहक मंचात गेला तर शेजारी कौतुक करतात. वस्तू गेम असली की मात्र भरलेले पैसे एकदम खाऊचे पैसे होतात. तुम्ही स्वतःला ‘पक्का पुणेकर’ म्हणवता. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली ती तुमच्याच पुण्यात. तेव्हाही तेला-साबणासाठी काय एवढी चळवळ, असं म्हणणारे असतीलच.

लेखात मी काय मागितलं होतं, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. ‘द क्रू’मध्ये अख्खी अमेरिका छोटी करून दिली होती, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी न्यायला साधारण पाऊण तास लागायचा. त्यात एकट्याने खेळायची सबंध कथा होती. पण एकट्याने खेळतानासुद्धा कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असणं सक्तीचं होतं. १४ डिसेंबर २०२३ ला विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. त्या दिवसापासून डिस्क हातात असूनही गेम चालत नाही. नुकताच घेतलेल्यांना पैसे परत मागता आले, बाकीच्यांना काहीच नाही. पुढे कित्येकांच्या खात्यातून परवानाही काढून घेतला गेला.

सर्व्हरचा खर्च मला शिकवू नका. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॅफेत माझ्याकडे आठ संगणक होते. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमचा सर्व्हर आम्ही कोपऱ्यातल्या सगळ्यांत जुन्या मशीनवर चालवायचो. इंटरनेट गेलं तरी संध्याकाळची मॅच थांबत नसे, कारण सर्व्हर चालवायची सोय गेमबरोबरच दिलेली होती. यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी एप्रिल २०२४ मध्ये सुरू केलेली ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम तरी काय मागते? सर्व्हर जन्मभर चालवा असं ती म्हणतच नाही. तुम्ही जाताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच. युरोपात या मागणीने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांची, म्हणजे युरोपीय आयोगाला दखल घ्यायला लावणारी, अट ओलांडली. तेवढी सगळी पोरंच रडत होती का?

आणि हे अशक्य नाही, हे खुद्द युबिसॉफ्टनेच दाखवून दिलं. ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू २’ला ऑफलाइन मोड, म्हणजे सर्व्हरशिवाय खेळायची सोय, देण्याची घोषणा त्यांनीच केली. पहिल्या भागाचं काय? तो चाहत्यांनी स्वतः खपून, स्वतःचा सर्व्हर लिहून सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू केला. पगार न घेता! खेळणारे उरले नव्हते म्हणता, मग ही कोण माणसं होती?

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंचा मुद्दा मला खरोखर कळला नाही. पुण्याचा स्टुडिओ २००८ पासून आणि मुंबईचा २०१८ पासून युबिसॉफ्टचा आहे, तिथे गुणी माणसं काम करतात, हे मी कधी नाकारलं? ‘द क्रू’ मुळात फ्रान्सच्या आयव्हरी टॉवर या स्टुडिओने केलेला गेम. आणि सर्व्हर कधी बंद करायचे हे पुण्यातला अ‍ॅनिमेटर ठरवत नाही. त्या मुलांना ढालीसारखं पुढे करू नका.

कॅफेतल्या सीड्यांचा विषय वेगळा आहे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. इथे तो काढण्यामागचा तुमचा हेतू मला चांगला वाटला नाही, आणि असं यापुढे चालवून घेणार नाही.

तुम्ही म्हणता, कंपनीने अटींमध्ये सगळं लिहिलेलं असतं. असतं ना. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन ग्राहकांनी युबिसॉफ्टवर खटला भरला, तेव्हा कंपनीचा बचाव हाच होता: यांनी गेम विकत घेतला नाही, मर्यादित परवाना घेतला. मग खोक्यावर तसं ठळक का छापत नाहीत? त्याच कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे. ऑनलाइन दुकानाला नुसतं ‘खरेदी करा’ असं बटण ठेवता येत नाही, तुम्हाला परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं लागतं. लोकांना सगळं आधीच ठाऊक असतं, तर असा कायदा करायची गरजच पडली नसती.

त्याच खटल्यात फिर्यादींनी गेमच्या पाकिटातली एक गोष्ट कोर्टापुढे ठेवली. अ‍ॅक्टिव्हेशन कोडची, म्हणजे गेम सुरू करताना टाकायच्या कोडची, मुदत तिथे २०९९ पर्यंत छापलेली होती. माझ्या लेखाचा अर्धा भाग याच आकड्यावर होता. चारशे शब्दांच्या प्रतिक्रियेत तुम्ही त्याला हातही लावला नाहीत. माझं वय, माझा कॅफे, माझं रडणं, सगळं आलं, तेवढं एक राहिलं. २०१४ च्या गिऱ्हाइकाला २०९९ दाखवून २०२४ मध्ये दार लावणं तुम्हाला योग्य वाटतं का, ते कळवा. उत्तर कितीही कडक असलं तरी छापीन.