दोन सेंटिमीटरांचा भरवसा

आमची मोठी ११८ सेंटिमीटर आहे. रोलर कोस्टरला १२० लागतात. या दोन सेंटिमीटरांच्या भरवशावर मी थीम पार्कला जायला हो म्हटलं होतं.

मला उंचीची भीती वाटते, हे घरात फक्त बायकोला माहीत आहे. मुलांच्या लेखी बाबा कशालाच घाबरत नाही. सात वर्षं मी हा लौकिक सांभाळलाय. अंगावर पाल पडली तेव्हासुद्धा 'अरे वा, पाल!' असं म्हणालो होतो. तर आदल्या रात्री मोठी झोपल्यावर हळूच टेप लावून पाहिली. ११८. मग मलाही झोप लागली.

सकाळी निघताना आठवलं, की माणूस झोपून उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो. दिवसभराच्या उभ्या-बसण्याने मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि उंची उतरते. म्हणजे जितका उशीर होईल तितकं माझ्या पथ्यावर. त्यासाठी मला वेगळं काही करावं लागलं नाही. चार वर्षांचा धाकटा बरोबर होता.

फाटकातून पंधरा पावलं आत गेल्यावर त्याला शू लागली. (फाटकाबाहेर तीनदा विचारलं होतं.) मग त्याला फिरत्या चक्रावरचा पिवळाच घोडा हवा होता. चक्रावर चोवीस घोडे, त्यातला पिवळा एक. त्याच्यासाठी आम्ही तीन फेऱ्या सोडल्या, आणि तो मिळाल्यावर 'हा हलतो' म्हणून स्वारीने भोकाड पसरलं. तेवढ्यात मुलांना रिझवायला अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस समोर आला. धाकटा माझ्या मानेवर चढला. अस्वलाने प्रेमाने हात हलवला, तसा याचा आवाज वरच्या पट्टीत गेला. शेवटी अस्वल बिचारं दोन्ही पंजे जोडून उलट्या पावली मागे सरकत झाडाआड गेलं. त्या भल्यामोठ्या डोक्याच्या आतून 'सॉरी हां' असं अगदी बारीक ऐकू आलं.

दुपारी तीनला रोलर कोस्टरच्या रांगेशी पोहोचलो. तोंडाशी उंची मोजायचा लाकडी जिराफ होता, त्याच्यापाशी माणूस कोणी नव्हता. मोठी चवड्यांवर उभी राहून 'लागलं!' म्हणाली. बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "लागलं की!"

पाटीवर साठ मिनिटं लिहिलं होतं. ही रांग सरळ नसते, कठड्यांमधून वळवळत जाते. त्यामुळे त्याच त्या माणसांशी पुन्हा पुन्हा गाठ पडते. एका कुटुंबाला मी अकरा वेळा भेटलो. पाचव्या भेटीला आम्ही हसलो, आठव्या भेटीला त्यांच्या जावयाशी काय बिनसलंय ते कळलं. चाळिसाव्या मिनिटाला धाकट्याच्या पायांची घडी पडली आणि बायको त्याला घेऊन धावली.

आपल्याला बसायचं नसलं की माणूस फार विद्वान होतो. मी मोठीला सांगितलं, की १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्सनने अशी गाडी सुरू केली तेव्हा तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता. (तिथेच थांबायला काय हरकत होती?) म्हटलं, गाडीला इंजिन नसतं, साखळी पहिल्या चढावर ओढून नेते आणि पुढे सगळं गुरुत्वाकर्षणावर. मागच्या डब्याला जास्त मजा, कारण पुढचे डबे उतारावर गेलेले असतात आणि ते त्याला माथ्यावरून खाली खेचतात. शेजारच्या कठड्यातले जावईत्रस्त सासरेही कान देऊन ऐकत होते.

वर पोहोचलो. तिथल्या पोराने पट्टी लावली, पोनीटेल अलगद दाबली आणि म्हणाला, "थोडक्यात राहिलं गं. पुढच्या वेळी नक्की." मी 'अरेरे' केलं. ते इतकं छान जमलं, की त्याने माझ्याच खांद्यावर हात ठेवला.

मोठीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. नाक ओढून म्हणाली, "बाबा, तू जा. आणि मला सगळं सांग."

"छे, तुला एकटीला सोडून कसा जाऊ?"

"मी आलेय ना," मागून बायकोचा आवाज आला. "जा तू. बिनधास्त."

जागा एकच उरली होती. शेवटच्या डब्यात.

चढ संपेपर्यंत खालून साखळीची कट् कट् ऐकू येत होती. गाडी मागे घसरू नये म्हणून असलेल्या खटक्याचा तो आवाज, हेही मी रांगेत समजावलं होतं. तो आवाज थांबला. पुढचे डबे दिसेनासे झाले आणि मी सांगितलं होतं अगदी तसंच आम्हाला खेचलं गेलं. त्यानंतरचं मला आठवत नाही. फोटोत मात्र आहे: डोळे गच्च मिटलेले, आणि एका हाताने मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांची कॉलर धरली आहे.

"कसं वाटलं?" मोठीने विचारलं.

"भारी," मी म्हणालो. पाय लटपटत होते, म्हणून बाकावर बसून म्हणालो.

घरी आल्यावर बायकोने तिला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण केली. "या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात," ती म्हणाली. "म्हणजे चार महिने. मग बाबा आणि तू, दोघं मिळून."

त्या रात्री मोठीने पहिल्यांदाच न सांगता दूध संपवलं आणि रिकामा पेला माझ्यासमोर आणून ठेवला.