आरोग्यमंत्र्यांची 'एक सही'

'आरोग्यमंत्र्यांनी मनावर घेतलं तर सगळी सरकारी रुग्णालयं एका सहीत सुधारतील. औषधं मंत्रालयात अडतात, पैसा तर केंद्रच देतं, आणि खासगीचे दर बांधायला एक आदेश पुरे.' महाराष्ट्रात कुठे काही घडलं की हा मजकूर फिरू लागतो. मंत्र्यांची कड घ्यायची हौस नाही, पण चुकीच्या टेबलावरचा अर्ज तिथेच धूळ खातो.

'सगळी सरकारी रुग्णालयं'? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ते ठाणे महापालिकेचं. पुढे ऑक्टोबरच्या तोंडावर नांदेडला २४ तासांत २४ मृत्यू झाले. ते वैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं, ज्याचा मंत्रीच वेगळा. सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत ती जिल्हा, उपजिल्हा आणि ३० खाटांची ग्रामीण रुग्णालयं. तिथे जिल्हा शल्य चिकित्सकाला गाठायचं. प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद. तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. त्यातही मेख अशी की केंद्रातली आरोग्यसेविका जिल्हा परिषद भरते, वैद्यकीय अधिकारी मात्र राज्य. डॉक्टरची खुर्ची वर्षभर रिकामी असेल तर खुशाल मंत्र्यांना धरा.

१५ ऑगस्ट २०२३ पासूनचे मोफत उपचारही याच विभागाच्या संस्थांपुरते. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या ससूनला किंवा मुंबई महापालिकेच्या केईएमला केसपेपरचे पैसे घेतले म्हणजे कुणी खाल्ले असं नव्हे.

'औषधं मंत्रालयात अडतात.' कधी अडतात, हे खरंच. खरेदी आधी हाफकिन या सरकारी कंपनीकडे होती. तिथल्या दिरंगाईनंतर २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. पण बरीच गळती खाली होते. आलेला साठा प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत वाटता येत नाही. खोकी भांडारात आणि रुग्ण रांगेत. दुसरं म्हणजे ई-औषधीवरची, म्हणजे साठ्याच्या संगणक प्रणालीवरची नोंद. औषध खिडकीतून गेलं पण संगणकात खर्ची पडलं नाही, तर कपाट रिकामं आणि पडद्यावर पाचशे गोळ्या. वरचा माणूस पडदा बघतो आणि पुढची मागणी कापतो. मधली नड भागवायला स्थानिक खरेदी असते, रुग्ण कल्याण समिती असते, जिल्हा नियोजनचा निधी असतो. हा शेवटचा निधी ज्या समितीच्या हाती, तिचा अध्यक्ष पालकमंत्री. म्हणून तक्रारीत नुसतं 'औषधं नाहीत' लिहू नका. औषधाचं नाव, मात्रा, तारीख लिहा आणि 'बाहेरून आणा' म्हणून दिलेली चिठ्ठी जोडा. मग साठ्याची नोंद ताडून बघता येते.

'पैसा केंद्रच देतं.' राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० आहे, आणि तो अभियानापुरता. कायम कर्मचाऱ्यांचे पगार राज्याच्या तिजोरीतून जातात. रुग्णालयं आणि दवाखाने हा घटनेनेच राज्य सूचीत घातलेला विषय.

'खासगीचे दर बांधायला एक आदेश.' कोविडमध्ये दर बांधले ते साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्यांच्या बळावर. तरीही कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये नाकारला. मात्र दरपत्रक दर्शनी जागी लावणं शुश्रूषागृह (खासगी रुग्णालय) नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनी सक्तीचं आहे. ते दिसलं नाही तर अर्ज महापालिका हद्दीत तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, हद्दीबाहेर जिल्हा शल्य चिकित्सकाकडे. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.