ब्विंडीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीन-चारदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर नाशिकला कोविड वॉर्डात काम करतात. अशा काळात हौसेपोटी माउंटन गोरिलांच्या जंगलात जाणं हा त्यांना निव्वळ स्वार्थ वाटतो. स्थानिकांच्या पोटापाण्याचं कारण पुढे करून आपण आपली सहल पवित्र करून घेतो, असं त्या म्हणतात. शिवाय माझ्या फोटोत मास्क नाकाखाली आहे, हेही त्यांनी दाखवून दिलंय.

आधी फोटोचं बोलते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. अडीच तास चढून मी धापा टाकत होते, मास्क घामाने भिजला होता, खाली सरकला आणि मी तो वर ओढला नाही. दमणूक हे काही कारण होऊ शकत नाही. फोटो मी काढून टाकलाय आणि का काढला तेही तिथे लिहिलंय. असे फोटो पाहूनच पुढचा माणूस तसं वागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोरिला पाहायला गेलेल्यांनी २०१३ ते २०१९ मध्ये इन्स्टाग्रामवर टाकलेले ८५८ फोटो त्यात तपासले होते. त्यातल्या ८६ टक्के फोटोंत माणूस गोरिलापासून चार मीटरच्या आत होता. तेव्हा नियम सात मीटरचा होता. कोविडनंतर तो दहाचा झाला, पण नियमाचा आकडा वाढला म्हणून माणूस मागे सरकतोच असं नाही.

रोगाची तुमची भीतीही रास्त आहे. आपला आणि गोरिलांचा डीएनए ९८ टक्क्यांहून अधिक सारखा आहे आणि आपली सर्दी त्यांच्या फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. २००९ साली रवांडात माणसांमध्ये आढळणाऱ्या श्वसनाच्या विषाणूने एका कळपातले दोन गोरिला दगावले. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोविड झाला. माउंटन गोरिला जगात जेमतेम हजाराच्या वर आहेत. २०१८ च्या मोजणीत ब्विंडीच्या बाजूला ४५९ भरले. एवढ्याशा संख्येत एक साथ काय करील, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

इथवर आपलं जमतं. पुढे तुम्ही म्हणता की जंगल बंद ठेवा, म्हणजे ते सुरक्षित राहील. हे मात्र मला पटत नाही, आणि त्याला कारण एक बुजगावणं आहे.

१९९६ साली ब्विंडीतल्या एका गोरिला कुटुंबाचे केस झडू लागले, अंगावर पांढरी खपली धरली. डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका तेव्हा युगांडाच्या वन्यजीव खात्याच्या पहिल्या पशुवैद्य म्हणून नुकत्या रुजू झाल्या होत्या. त्यांनी निदान केलं, खरूज. एक पिल्लू गेलं, बाकीचे आयव्हरमेक्टिन या औषधाने बरे झाले. रोग आला कुठून, याचा माग गावापर्यंत गेला. गोरिला केळीच्या बागांत उतरायचे, आणि तिथे बुजगावण्यांना घातलेले जुने, मळके कपडे ते हाताळायचे. जंगलाच्या कडेच्या घरात साबण नव्हता, दवाखाना फार लांब होता, आणि त्याची किंमत गोरिलाच्या पिल्लाने मोजली. डॉ. कालेमा-झिकुसोका पुढे माणसांच्या आरोग्याच्या कामात पडल्या त्या यातूनच. २००३ पासून त्यांची संस्था तिथल्या वाड्यावस्त्यांवर गोरिला आणि माणूस या दोघांच्या आरोग्याचं काम एकत्र करते.

म्हणजे पर्यटक घरी बसला तरी गोरिला बागेत उतरणारच आहेत. त्यांना हुसकून परत जंगलात धाडणारे गावकरीच आहेत. त्या गावकऱ्याच्या घरात खोकला आहे की नाही, त्याला मास्क मिळतो की नाही, तो गोरिलाला आपला समजतो की पिकाचा वैरी, यावर बरंच काही ठरतं.

आणि जंगल बंद ठेवूनही पाहिलंय. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२० एकही पर्यटक आत गेला नाही. त्याच काळात, १ जूनला, न्कुरिंगो या गोरिला कुटुंबाचा म्होरक्या रफिकी बेपत्ता झाला. दुसऱ्या दिवशी त्याचं कलेवर सापडलं, पोटात भाल्याची जखम. पंचविशीतला नर, सतरा जणांच्या कुटुंबाचा आधार. मारणारा रानडुक्कर आणि छोटी हरणं मारायला शिरला होता. रफिकी अंगावर आला म्हणून भाला मारला, असं त्याने सांगितलं. त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या फेब्रुवारी ते जूनमध्ये देशभर शिकारीच्या नोंदी आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त झाल्या, त्या काही एका माणसाच्या दुष्टपणाने नव्हेत.

मी फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले तेव्हा माझी पिशवी उचलायला जी मुलगी पोर्टर म्हणून आली, ती एका खासगी बालवाडीत शिकवायची. शाळा आदल्या मार्चपासून बंद, पगारही बंद. निसरड्या उतारावर ती माझं मनगट धरून पुढे चालत होती आणि मास्कच्या आडून मला स्थानिक भाषेतले आकडे शिकवत होती. बुटांचे तळवे जंतुनाशकात बुडवल्याशिवाय तिने मला पाऊल पुढे टाकू दिलं नाही. 'पोटापाण्याचं कारण' हे शब्द वाचल्यावर मला तीच आठवली. तिचं नाव घेऊन मी माझ्या सहलीचं समर्थन करतेय असं तुम्हाला वाटेल, पण तिला वगळून हा विषय मांडताच येत नाही.

याचा अर्थ सगळं ठीक चाललंय असा नाही. तेव्हा परदेशी पर्यटकाच्या ७०० डॉलरच्या परवान्यातले अवघे १० डॉलर शेजारच्या गावांसाठी बाजूला काढले जात. प्रवेशशुल्काचा पाचवा हिस्सा मिळायचा तो वेगळा. हे फार तोकडं होतं. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान करताना ज्या बात्वा या मूळ जंगलवासी लोकांना त्यांच्याच जंगलातून बाहेर काढलं, त्यांच्या वाट्याला तर आजही पर्यटकांपुढे नाचणंच जास्त येतं. याविषयी माझ्या लेखात एक अक्षर नव्हतं, ती माझी चूक.

आणि एक गोष्ट मी मूळ लेखात लिहायची टाळली होती. आमच्या आठजणांतल्या एकाने वाटाड्याच्या हातात नोट सरकवली, आणखी जवळ नेण्यासाठी. वाटाड्या काही क्षण नोटेकडे बघत उभा राहिला. कित्येक महिने त्याला बक्षिशी मिळाली नव्हती. तेवढ्यात एक पिल्लूच आमच्या दिशेने आलं, आणि वाटाड्याने नोट परत देऊन आम्हा सगळ्यांना हाताने मागे सारलं, झुडपात अगदी काटे टोचेपर्यंत. तो घेऊ शकला असता. त्याच्यावर ती वेळ आणणारा पर्यटक होता, आणि आम्ही बाकीचे सात तोंडातून शब्द न काढता पाहत होतो.

म्हणून तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. पुन्हा जाईन का? जाईन, पण तपासणी करून, थोडा जरी घसा धरला तर पैसे बुडाले तरी न जाता, आणि समोर कोणी नोट काढली तर तिथेच मोठ्याने बोलून. माझा भाऊ मे महिन्यात पुण्याहून मुलांना घेऊन येणार होता, त्याला मी या वर्षी येऊ नकोस म्हणून कळवलंय. धाकटी बारा वर्षांची आहे, पंधराच्या आत प्रवेशच नाही. पण त्याहीपेक्षा, तुमच्याकडे कोविडचे आकडे पुन्हा चढायला लागलेत. आम्ही युगांडातच, कंपालात राहतो, एका मोटारीतून थेट जंगलाच्या दाराशी जातो. दोन विमानतळ ओलांडून येणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तुमच्या वॉर्डात पुन्हा खाटा भरू लागल्याचं लिहिलंयत. जपून राहा. सवड मिळेल तेव्हा यावर अजून काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, मी वाट पाहीन.