बारीपाड्याचं जंगल कुणी ‘लावलेलं’ नाही

बारीपाड्याच्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून खान्देशातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. धुळे जिल्ह्यातल्या एका माणसाने लाखोंची नोकरी लाथाडली, उजाड डोंगरावर एकट्याने लाखो झाडं लावली आणि सरकारच्या मदतीशिवाय जंगल उभं केलं, असा त्याचा अर्थ. चैत्रामभाऊंबद्दल आदर आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

आधी ‘लाखो झाडं लावली’. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं जंगल सुमारे 445 हेक्टर, म्हणजे 1100 एकर. पाच मीटरवर एक झाड धरलं तरी पावणेदोन लाखांच्या वर खड्डे होतात. रोज दहा खणणाऱ्याला एकही दिवस खाडा न करता 48 वर्षं लागतील. गावाने रोपं लावलीच नाहीत असं नाही, पण जंगल आलं ते राखणीतून. साग तोडला तरी मरत नाही. पहिल्या पावसात खुंटाच्या कडेने पाच-सहा फुटवे येतात, मनगटाएवढे झाले की कुऱ्हाड पुन्हा पडते. ती पडू दिली नाही, फुटव्याला शेळीचं तोंड लागू दिलं नाही, की जुन्या मुळांच्या जोरावर झाड झपाट्याने वर येतं. बारीपाड्याने हेच केलं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, जंगलात बैलगाडी न्यायला मनाई, तोडणाऱ्याला दंड.

हा फरक किरकोळ नाही. तो मजकूर वाचून आलेल्या मंडळींनी आमच्या भागातल्या एका टेकडीवर रोपं लावली, फोटो काढले. होळीला मी वर गेलो तर खड्ड्यांत नुसत्या वाळक्या काड्या. आणि खड्ड्यांपासून चार पावलांवर सागाचे जिवंत खुंट, फुटवे शेंड्यापासून कुरतडलेले. हातचं जंगल तिथेच होतं, त्याकडे कुणी पाहिलंच नाही.

‘एकट्याने’ हा शब्द तर गावावर अन्याय करणारा आहे. आपल्याच भावकीतल्या माणसाला दंड करायचा आणि त्याने तो भरायचा, हे एकट्याच्या हिमतीवर होत नाही. सगळ्यांत जास्त झळ सोसली बायकांनी, कारण चूल त्यांची. जंगल परतल्याचा हिशेबही त्याच देतात. 2004 पासून तिथे वनभाजी महोत्सव होतो, त्यात त्या रानातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात. कुठला कंद कितीदा उकळायचा, कुठला पाला कोवळाच खुडायचा, हे त्यांच्याकडून ऐकावं. चैत्रामभाऊंचं मोठेपण हे की, एवढ्या माणसांना त्यांनी तीस वर्षांहून जास्त काळ एका नियमाला धरून ठेवलं. झाडं लावण्यापेक्षा ते कितीतरी अवघड.

नोकरीच्या आकड्याला धरायचं कारण नाही. ते एम.कॉम. झाले आणि गावात राहिले, एवढंच पुरेसं आहे.

‘सरकारच्या मदतीशिवाय’ हेही अर्धवट. जमीन वनखात्याची. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीनंतर 1990 मध्ये केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचा, म्हणजे गाव आणि वनखात्याने मिळून जंगल राखण्याचा, मार्ग मोकळा केला, 1992 मध्ये महाराष्ट्राने तसा निर्णय काढला. त्याच चौकटीत गावाने राखण केली. आदिवासी भागात काम करणारी वनवासी कल्याण आश्रम ही संस्था आणि तिचे डॉ. आनंद फाटक सोबत होते. राज्याचा पहिला वनभूषण पुरस्कारही चैत्रामभाऊंनाच मिळाला.

काही जण खाली पुस्ती जोडतात की, जंगल आदिवासींनीच संपवलं होतं. तोड झाली, गावकरीही ते नाकारत नाहीत. पण शेजारच्या, आता गुजरातेत असलेल्या डांगातल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी 1842 मध्ये जंगलं भाडेपट्ट्याने घेतली ती सागासाठी. ते लाकूड काही आदिवासींच्या चुलीत गेलं नाही.

यंदा जूनमध्ये रोपांसाठी वर्गणी काढणार असाल, तर त्याआधी एकदा टेकडीवर जाऊन जिवंत खुंट मोजा. आणि खाली उतरल्यावर शेळ्या कुणाकुणाच्या आहेत ते विचारून त्यांच्या ओट्यावर बसा.